माळ कोणी कापायची

कावळा काही येईना. वसुधाआत्या भावाचा जाड कोट अंगावर घेऊन बाल्कनीच्या दारात उभी होती आणि कठड्यावर ठेवलेल्या पानाकडे पाहत होती. पाचव्या मजल्यावरून पानं झडलेली बर्चची झाडं दिसत होती. त्यांच्यापलीकडे वोल्फ्सबुर्गच्या कारखान्याच्या चिमण्या आणि वर नोव्हेंबरचं राखी आभाळ.

"काल तर नुसता उच्छाद होता त्यांचा," ती म्हणाली. "आज बरोब्बर कुठे गेले सगळे?"

"आत्या, रविवार आहे," सिद्धेश आतून म्हणाला. "रविवारी जर्मनीत सगळं बंद."

शिवांगीला हसू आलं, ते तिने चहाच्या कपात लपवलं. सिद्धेशशी तिचं लग्न मागच्याच वर्षी व्हायचं होतं. होणारी सासू गेली म्हणून ते पुढे ढकललं, आणि आता डिसेंबरात पुण्याला होणार होतं. सिद्धेश नोकरीसाठी इंगोलश्टाटला, ती मात्र इथून जवळ, ब्राउनश्वाइगला पीएच.डी. करत होती. त्यामुळे गेल्या वर्षभरात या घरात त्याच्यापेक्षा तिचंच येणं जास्त झालं होतं.

खिडकीशेजारच्या कपाटावर सिद्धेशच्या आईचा, रेमेदियोसचा फोटो होता. त्याच्यापुढे दुसरं ताट होतं, तिच्या धाकट्या बहिणीने, लुर्देसने, मांडलेलं: नारळाच्या दुधातला चिकट गोड भात, उकडलेलं अंडं, पेल्यात बोटभर वाइन. त्यांच्या माहेरी, मनिलाच्या उत्तरेकडच्या विगानला, गेलेल्या माणसाला असंच वाढतात. सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाली, दुपारी आत्याने पान वाढलं. दोन्हीकडच्या माणसांचं फारशा गोष्टींवर एकमत होत नसे, पण वर्ष म्हणजे वर्ष यावर होतं.

सिद्धेशची बहीण मीनल टेबलाशी बसली होती. तिच्यासमोर आईची लाकडी डबी होती, आणि डबीशेजारी लुर्देसमावशीने हॅनोव्हरहून आणलेली छोटी कात्री. दोन्हींपैकी कशालाही तिने हात लावला नव्हता.

"आल्झो, तर," मावशी म्हणाली. "कॉफी झाली. ताट झालं. आता काय राहिलं?"

"कावळा," सिद्धेश म्हणाला.

"कावळा तुमचा. माझं हे राहिलंय." तिने डबीवर बोट टेकवलं. ती जर्मन बोलत होती. आत्या मराठी बोलायची, आणि दोघी एकमेकींशी अडल्या की इंग्रजी. बाकी सगळं इतकी वर्षं रेमेदियोस सांभाळून घ्यायची. आता ते काम मीनलवर आलं होतं.

डबीत तांबोरिन होती. बारीक सोन्याच्या तारा वळून, त्यांवर मोहरीएवढे दाणे चिकटवून केलेल्या पोकळ मण्यांची लांब माळ, खाली पदक. जपमाळेवरून हा दागिना निघाला, असं रेमेदियोस सांगायची. तिच्या माहेरी रीत अशी की बाई गेली की घरातल्या बायकांनी वर्षभर सोनं घालायचं नाही. वर्ष भरलं की थोरल्या मुलीने गेलेल्या बाईच्या माळेचा दोरा कापायचा आणि मणी घरातल्या बायकांत वाटायचे. जिने तिने आपला मणी आपल्या माळेत ओवायचा. रेमेदियोसची माळ अशीच जमत गेली होती, आईकडून, आजीकडून, मूलबाळ नसलेल्या एका चुलतआजीकडून. म्हणून तिचे मणी एकसारखे नव्हते. काही पिवळे, काही तांबूस, काही लिंबाच्या बीएवढे, काही बोराएवढे.

"मावशी," मीनल म्हणाली, "मी नाही कापणार."

मावशी थांबली. "आज नाही?"

"कधीच नाही. आत्या म्हणते तसं करू. शिवांगीला देऊ. अख्खी."

शिवांगीने कप खाली ठेवला. सिद्धेशने बहिणीकडे पाहिलं. दोन दिवस आत्या हेच बोलत होती आणि मीनल दोन दिवस गप्प होती. ती आत्याच्या बाजूने जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. आत्यालाही वाटलं नसावं. ती बाल्कनीचं दार लोटून आत आली, कोट न काढताच खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मी कधीची हेच सांगतेय. वहिनी सवाष्ण गेली. तिचा दागिना सुनेच्या गळ्यात गेला तर त्यात सगळं आलं. वाटण्या कसल्या करायच्या? भाजी आहे का ती?"

"काय म्हणतेय ती?" मावशीने विचारलं.

"म्हणतेय, आईचा आशीर्वाद शिवांगीला मिळावा," मीनलने जर्मनमध्ये सांगितलं.

"एवढंच?"

"साधारण."

"शिवांगीने वाट पाहावी. तिला तिचा मणी मिळेल. घरात आलेली मुलगी आमच्यात मोजतात." मावशी मीनलकडे वळली. "पण तू? तुला काय झालं? तुझ्या आईने तिच्या आईची माळ स्वतः कापली होती. मी बघत होते. ती रडली नाही की बोलली नाही, कापली आणि वाटली. दुसऱ्या दिवशी लाल झगा घालून बाजारात गेली. तू वर्षभर काळं घालतेयस. आज ते उतरवायचं."

 मीनलला सांगता आलं असतं. आई ऑपरेशन थिएटरमधली नर्स होती. ती माळ तिने निळ्या रेशमी दोऱ्यात स्वतः ओवली होती, प्रत्येक मण्यामागे एक गाठ, टाक्याची गाठ मारतात तशी दोन फेऱ्यांची, चपटी, कधी न सुटणारी. लहानपणी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मीनलने ते ओवणं पाहिलं होतं. मणी आईच्या आज्यापणज्यांचे होते. गाठी तेवढ्या आईच्या होत्या. माळ शिवांगीच्या गळ्यात गेली तर निदान त्या कुठेतरी राहतील. पण हे जर्मनमध्ये बोललं असतं तर हट्ट वाटला असता आणि मराठीत बोलताना तिचा आवाज टिकला नसता.

"मला नको आहे असं नाही," शिवांगी सावकाश म्हणाली, "पण मला अजून कोणी विचारलेलंच नाही."

"विचारायचं काय त्यात?" आत्या म्हणाली. "चहा टाक बरं परत. चल, मी पण येते."

*

स्वयंपाकघरात आत्याने गॅस म्हणून शेगडीचं बटण फिरवलं आणि ज्योत दिसली नाही म्हणून परत फिरवलं. तीन आठवडे झाले तरी तिला या शेगडीची सवय होत नव्हती.

"रागावलीस?" तिने शिवांगीला विचारलं.

"नाही हो, आत्या."

"हे बघ, मला तुझ्यापेक्षा त्या माळेची माया जास्त आहे असं समज. दादाने वहिनीला पहिल्यांदा पुण्याला आणलं तेव्हा घरात सुतक असल्यासारखे सगळे बसले होते. परदेशी मुलगी, त्यातून ख्रिश्चन, नर्स. कोणी बोलेना. आणि आईचं लक्ष तिच्या गळ्यात गेलं. जवळ बोलावलं, मणी बोटांत धरले नि म्हणाली, अगंबाई, ही तर बोरमाळ. मग ही कोणाची, ती कोणाची, तुमच्याकडे काय म्हणतात, सुरूच झालं. दुसऱ्या दिवशी दोघी आपापले दागिने मांडून बसल्या होत्या. भाषा नाही काही नाही. आता ती माळ तोडायची म्हणतात. मला कसं वाटेल?"

शिवांगीने कप मांडले. मग म्हणाली, "मोठी आहे, नाजूक आहे. मला भीती वाटते. चेपली तर?"

"तेच तर. आत पोकळ आहे ना सगळं. आपल्या बोरमाळेत लाख भरतात, म्हणून टिकते. पुण्याला गेलं की आपल्या सोनाराकडून भरून घेऊ. दणदणीत होईल. काल दुपारी मी जरा रिठ्याच्या पाण्यात घालून ब्रश फिरवला तर काय लखलखली. कोणाला सांगितलं नाही अजून. उघडली की बघतीलच."

शिवांगीने मान वर केली. "तुम्ही काढली होती डबीतून?"

"मग काय, डबीसकट उकळू?"

*

चहा घेऊन दोघी बाहेर आल्या. आत्याचा भाऊ, आत्माराम, खिडकीपाशी पाठमोरा उभा होता. जेवणापासून तो एका जागी बसला नव्हता. दोनदा तळघरात जाऊन आला होता, एकदा कचरा टाकून, आणि रविवारी बाटल्या टाकायच्या नसतात हे गेली पस्तीस वर्षं माहीत असून बाटल्यांची पिशवी घेऊन अर्ध्या जिन्यातून परत आला होता. लुर्देसचं त्याच्यावर लक्ष होतं. रेमी असती तर तिने त्याला एक शब्द बोलून खाली बसवलं असतं.

"आत्मा, तुझं काय म्हणणं?" तिने विचारलं. "मुलगी कापत नाही म्हणते. तुझी बहीण दे म्हणते. तू काय म्हणतोस?"

"असू दे ना डबीतच," तो म्हणाला. "कोणाला घाई आहे?"

"मला आहे. मी सहासष्ट वर्षांची आहे." तिने डबी ओढून घेतली. "बघू तरी. उघडली म्हणून काही तुटत नाही."

झाकण उघडल्यावर पहिल्यांदा तिला माळ ओळखूच आली नाही. रेमीच्या गळ्यात ती जुन्या मधासारखी दिसायची. ही चकाकत होती.

"कोणी धुतली?"

"मी," आत्या इंग्रजीत म्हणाली. चेहऱ्यावर हसू होतं. "येस्टर्डे. नाइस, नो?"

लुर्देसने माळ हातात घेतली. यातला एक मणी तिच्या आजीच्या माळेतला होता; ती माळ युद्धाच्या वेळी आजीने डुकरांच्या गोठ्याखाली पुरली होती. जपानी सैनिक घर उलटंपालटं करून गेले, गोठ्यात मात्र कोणी वाकलं नाही. तिथून काढली तेव्हा आजीने ती नुसत्या पाण्याने विसळली, घासली नाही. घासलं की तारांवरचे दाणे झिजतात. लुर्देस हे बोलली नाही. तिने डोळे मिटले आणि जपमाळ ओढतात तशी माळ बोटांतून ओढायला लागली. मणी, गाठ, मणी, गाठ. रेमीच्या गाठी तिला आंधळेपणीही ओळखता आल्या असत्या. एकाच वॉर्डात दोघी शिकल्या होत्या.

पदकाजवळ तिचं बोट थांबलं.

तिथे दोरा निळा नव्हता. तिथे मासे पकडायची असते तसली नायलॉनची पारदर्शक दोरी होती, आणि गाठीला गाठ म्हणावी अशी गाठ नव्हती, एकावर एक नुसते वेढे. त्या जागी आजीचा मणी असायचा. सगळ्यांत लहान, एका बाजूने चपटा. तो नव्हता.

ती पुन्हा पहिल्यापासून ओढत आली. मग तिने डोळे उघडले आणि वसुधाकडे पाहिलं.

"एक नाहीये," ती म्हणाली. "आजीचा. दोरा तोडून परत बांधलाय."

मीनल उठून उभी राहिली. "काय?"

"इथे. बघ." मावशी अजून वसुधाकडेच पाहत होती. "काल कोणी हातात घेतली होती?"

याचं भाषांतर लागलं नाही. आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला, तसंच राहिलं आणि मग विचित्र दिसू लागलं.

"मी धुतली फक्त," ती मराठीत म्हणाली. "मीनल, सांग हिला. मी धुतली, पुसली, ठेवली."

"आत्या, धुताना तुटली असेल," सिद्धेश म्हणाला. "सिंकमध्ये गेला असेल मणी. मी सायफन उघडून बघतो. त्यात काय एवढं, सांगायचं ना."

"तुटली असती तर मी सांगितलं नसतं?"

"मुद्दाम कोण म्हणतंय? पण दोरी बांधलेली आहे ना कोणीतरी."

"म्हणजे मी बांधून लपवलं?" आत्याचा आवाज खाली आला. "सिद्धेश, तुला मी पायांवर घेऊन आंघोळ घातलीय."

शिवांगी म्हणाली, "सिद्धेश, पुरे." मग तिने असं काहीतरी केलं जे तिने या घरात आधी केलं नव्हतं: सगळ्यांसमोर ती आत्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "त्यांनी मला आत्ता आत सांगितलं की त्यांनी धुतली. लपवायचं असतं तर सांगितलं असतं का? आणि मासे पकडायची दोरी त्यांच्याकडे कुठून येणार?"

ते वाक्य संपलं आणि मीनलच्या लक्षात आलं की मासे पकडायची दोरी या घरात एकाच माणसाकडे होती. तळघरात, गळांच्या पेटीत.

*

आत्मारामला वाटलं होतं की हे कधीच कोणाला सांगावं लागणार नाही. सांगावं लागलंच तर रेमीला सांगू, असं त्याच्या मनात येई, आणि मग हसू येई आणि मग काहीच येत नसे.

"वसुधाने काही केलेलं नाही," तो म्हणाला. जर्मनमध्ये म्हणाला, मग मराठीत. "मी कापली. मागच्या वर्षी. हॉस्पिटलात."



"शेवटच्या आठवड्यात तिने मागवून घेतली होती ना, उशीखाली ठेवायची. ती गेली तेव्हा मी एकटाच होतो. नर्स म्हणाली, दहा मिनिटांत येते, मग आपण यांना नीट करू. तोंड मिटलेलं राहावं म्हणून हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतात ते. मला माहीत होतं. एकदा ते झालं की..." त्याने हात हलवला. "आईच्या वेळी मी इथे होतो. सगळं वसुधाने केलं. फोनवर सांगितलं होतं तिने, नथीतलं सोनं काढून तोंडात ठेवलं म्हणून. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. सोनं ठेवायचं. अंगठी काढायला गेलो तर सांधा सुजलेला, निघेना. साबण लावला तरी निघेना. मग उशीखालची माळ आठवली. नखं कापायची कात्री होती तिच्या ड्रॉवरमध्ये."

"तू तिच्या तोंडात ठेवलास," लुर्देस म्हणाली.

"जो आधी निघाला तो. तो आजीचा होता हे मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर दोरी बांधली, मणी गळू नयेत म्हणून. बस्स."

आत्या रडायला लागली होती, आवाज न करता, कोटाच्या बाहीने डोळे पुसत. "दादा, मला का नाही बोललास? वर्षभर माझ्या मनाला लागून राहिलं होतं. वहिनीचं आपल्याकडचं काहीच झालं नाही म्हणून. तिकडे पेटी, पाद्री, सगळं त्यांचं. मला वाटायचं, ती तशीच गेली."

"ती ख्रिश्चन होती, वसु. फादरना कळलं असतं तर?"

"तोंड उघडून बघणार होते का फादर?"

लुर्देस बराच वेळ माळेकडे पाहत होती. मीनलला वाटलं, आता ती फाडून खाईल. तिने अख्ख्या आयुष्यात रविवारचं चर्च चुकवलं नव्हतं.

"मागे मनिलाला गेले होते तेव्हा मुलीने मला म्युझियममध्ये नेलं," मावशी म्हणाली. "जमिनीतून निघालेलं सोनं आहे तिथे. स्पॅनिश लोक यायच्या आधीचं. पट्टे, वाट्या, एवढे जाड सर. मी म्हटलं, आपले लोक राजे होते की काय? आणि एका काचेत पातळ पत्रे होते. डोळ्यांवर ठेवायचे, नाकावर ठेवायचे, तोंडावर. मेलेल्यांच्या. मुलगी म्हणाली, मम्मी, चल, भीती वाटते. मला नाही वाटली. मला वाटलं, बरं करायचे. म्हणजे तोंडाने वाईट काही आत शिरायला नको." तिने आत्मारामकडे पाहिलं. "रेमीला मी हे सांगितलं होतं. तुला ती बोलली होती?"

"नाही."

"काय सांगतोस," लुर्देस म्हणाली. "म्हणजे हे तुझं तुलाच सुचलं." आणि मग, वसुधाकडे वळून, इंग्रजीत: "सॉरी. आय लुक्ड अॅट यू." आत्याने तिचा हात धरला. दोघी तशाच बसून राहिल्या. आत्या नाक ओढत तिला इंग्रजीत नथीचं सांगू लागली, आपल्या आईच्या, कसा मोती आधी काढला आणि सोनं तेवढं ठेवलं, आणि लुर्देस प्रत्येक वाक्याला "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणत होती, जणू हे सगळं तिला आधीच माहीत होतं.

वर्षभरात पहिल्यांदा घरातली सगळी माणसं एका बाजूला होती. मीनल सोडून.

*

"मी कुठे होते?" तिने विचारलं.

आत्मारामला प्रश्न कळला. "बाहेर. बेस्टाटर आला होता ना, अंत्यविधीची व्यवस्था करणारा, त्याच्याशी बोलत होतीस. लाकूड कोणतं, तारीख कोणती."

"म्हणजे दाराबाहेर. तुम्ही दार उघडून हाक मारायची होती."

"हो."

"ते माझं काम होतं, बाबा. कापायचं." तिला स्वतःचा आवाज अनोळखी वाटला. आत्ता अर्ध्या तासापूर्वी ती हेच काम करायला नकार देत होती, हे तिला दिसत होतं, आणि तरीही राग जात नव्हता. "वर्षभर मी डबी उघडली नाही. मला वाटत होतं, आईने ठेवली तशी आहे. एक तरी गोष्ट तिने ठेवली तशी आहे. ओट्यावरचे डबे हलले, कपडे कॅरिटासला दान गेले, तिचा कोट मीच दिला. ही तेवढी आहे, म्हटलं."

"तुला बोलावलं असतं तर तू विचारलं असतंस," बाबा म्हणाले. "का, कशासाठी, नर्सला चालेल का. मला उत्तर देता आलं नसतं. मग राहूनच गेलं असतं."

हे खरं होतं. ती विचारणाऱ्यांपैकी होती. त्या दिवशी तिने बेस्टाटरला यादीतली प्रत्येक ओळ विचारली होती, अगदी पेटीच्या कड्या कशाच्या ते. तो माणूस कौतुकाने म्हणाला होता की इतकं शांत राहणारं कुटुंब क्वचित भेटतं. आणि दाराच्या आत बाबा साबण लावून अंगठी ओढत होते.

ती बसली. मावशीच्या हातातून माळ घेतली. नायलॉनचे वेढे तिने नखाने उचकटून पाहिले; ते सहज सुटले. पदक टेबलावर पडलं, आणि त्यामागे दोन मणी घरंगळत आत्याच्या बशीला लागून थांबले. पुढे निळा दोरा सुरू होत होता.

"सिद्धेश, दिवा लाव," ती म्हणाली. "आणि एक पांढरी ताटली दे."

तिने कात्री घेतली. पहिली गाठ घट्ट होती. कात्रीचं टोक गाठ आणि मणी यांच्यामध्ये जाईना. आई गाठ मारताना मणी अंगठ्याने पुढे रेटून धरायची, म्हणून फट राहायची नाही. मीनलने उलट केलं, मणी मागे ओढून धरला. टोक शिरलं. कापताना दोरा किंचित करकरला, एवढंच.

मग ती थांबली नाही.  मणी ताटलीत पडताना पोकळ, हलका आवाज येत होता, आणि निळ्या गाठी टेबलक्लॉथवर मुंग्यांसारख्या जमत होत्या. एकदा आत्या त्या गोळा करायला पुढे झाली, तर लुर्देसने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि ती मागे झाली.

सगळे मणी सुटल्यावर मावशीने वाटणी सांगितली आणि मीनलने केली. विगानच्या भाच्यांचे वेगळे, मावशीच्या मुलीचा वेगळा, मावशीचा स्वतःचा. शिवांगीला बोराएवढा, पिवळा. तिने तो ओढणीच्या टोकात बांधला, मग शरमून सोडला आणि तळहातावरच ठेवला.

एक तांबूस मणी मावशीने ताटलीतून स्वतः उचलला आणि वसुधाच्या हातात ठेवला. रीतीने तिचा काही संबंध नव्हता; ती ना या घरात आलेली, ना त्या घरात जन्मलेली.

"दिस इज फॉर यू," लुर्देस म्हणाली. "पण धुवायचा नाही."

मीनलने मराठी केलं. आत्याने मान हलवली.

"लाख भरू?" तिने हळूच मीनलला विचारलं.

"नाही, आत्या."

ताटलीत शेवटी मीनलच्या वाट्याचा उरला, सगळ्यांसारखाच एक. तो तिने उचलला. पदक एका हातात होतं, दुसऱ्या हाताने ती टेबलावरच्या गाठी मुठीत सरकवत होती, आणि मणी कुठे ठेवावा हे न सुचून तिने तो ओठांत धरला. धातू थंड होता. तिने हात थांबवले. मग मुद्दाम, सगळ्यांसमोर, तिने तो जिभेवर घेतला आणि तोंड मिटलं.

चव काहीच नव्हती. तारांचे दाणे टाळूला टोचत होते. थोड्या वेळाने थंडपणाही गेला आणि आत काही आहे की नाही हे फक्त जिभेलाच कळत होतं.

 बाबा खिडकीपासून निघून टेबलाला वळसा घालून आले. तिच्या शेजारी उभे राहिले, जरा वाकले, आणि त्यांनी तिच्या हनुवटीखाली हाताची ओंजळ धरली.

"काढ," ते म्हणाले. "गिळशील."

ती हलली नाही.

"मीनू. काढ बघू."

तिने तोंड उघडलं. मणी त्यांच्या तळहातावर पडला, ओला आणि ऊन. त्यांनी मूठ मिटली आणि तशीच छातीशी धरून ते तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले, दुपारपासून पहिल्यांदा.

"पुरुषांना मिळत नाही," लुर्देसमावशी म्हणाली, पण ती सिद्धेशकडे बघून म्हणाली, आणि चहाचे कप गोळा करायला उठली.